उभ्या गाडीचे दिवस कोणाच्या खात्यावर?

प्रति,
मोटार उत्पादक कंपन्यांचे वॉरंटी विभाग,
मोटार विमा कंपन्यांचे पॉलिसीची कलमं ठरवणारे अधिकारी,
आणि या दोघांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्था यांस,

स.न.वि.वि.

पत्र तिघांच्या नावे एकाच पाकिटात घालतो आहे, त्याला कारण आहे. वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी गाडी उभी राहते त्या दिवसांचा खर्च कोणी सोसायचा, हे विचारणारी वेगवेगळी पत्रं पाठवून झाली. वॉरंटी विभागाने विम्याकडे बोट दाखवलं, विमा कंपनीने भाड्याच्या गाडीवाल्यांकडे, आणि त्यांनी मी सही केलेल्या कागदाकडे. सही माझीच, त्यामुळे फेरा माझ्यापाशी येऊन थांबला. आता निदान तिघांनी एकमेकांसमोर बसून हे वाचावं.

आधी काय घडलं ते सांगतो. गाडी घेऊन १४ महिने झाले होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काही दिवस हिसके देत होता, आणि एका सकाळी भर सिग्नलला इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाकं जागची हलेनात. मागच्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी हॉर्न वाजवून म्हटलं. गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली, जॉब कार्ड झालं, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरचा फोन आला: "काळजी करू नका साहेब, सगळं वॉरंटीत आहे. तुमचा एक पैसाही लागणार नाही." हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलं आहे.

गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट बदलायचं होतं. काम दीड दिवसाचं. युनिट यायला लागले २६ दिवस. ते कुठून यायचं, कुठे अडकलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दर सोमवारी मात्र "या आठवड्यात नक्की" हे उत्तर मिळत राहिलं. मी घासाघीस केल्यावर सर्व्हिस सेंटरने त्यांचा करार असलेल्या कंपनीची एक भाड्याची गाडी दिली. पहिला आठवडा त्यांच्याकडून, "सदिच्छा म्हणून". पुढचं भाडं माझं. काउंटरवर एक चार पानी कागद सरकवला गेला, सहीच्या जागी आधीच फुल्या मारलेल्या. मी सही केली. माझी गाडी हवेत लिफ्टवर आणि कामाची वेळ टळत चाललेली असताना चार पानं कोण वाचतं? मी तरी वाचली नाहीत, हा माझा दोष मी इथेच कबूल करतो.

दहाव्या दिवशी पार्किंगमध्ये कोणीतरी त्या गाडीच्या मागच्या बंपरला ठोकून निघून गेलं. बंपर दबला, पार्किंग सेन्सर आत गेला. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. गाडी परत करताना जे बिल हातात पडलं त्यात तीन ओळी होत्या. पहिली ओळ दुरुस्तीची. दुसरी कागदपत्रांच्या खर्चाची. तिसरी ओळ अशी होती: "वाहन दुरुस्तीसाठी उभे राहिल्याने बुडालेले भाडे, ५ दिवस."

हे पत्र मी लिहितोय ते या तिसऱ्या ओळीमुळे.

माझी गाडी २६ दिवस उभी होती. दोष माझा नव्हता, हे उत्पादकाने स्वतः मान्य केलं. म्हणूनच तर भाग फुकट बदलून मिळाला. त्या २६ दिवसांबद्दल मी वॉरंटी विभागाला विचारलं, तेव्हा वॉरंटी पुस्तिकेतलं कलम दाखवण्यात आलं: गाडी वापरता न आल्याने होणारं नुकसान, पर्यायी वाहनाचा खर्च, वेळेचा अपव्यय, गैरसोय ही सगळी "परिणामी हानी", आणि ती वॉरंटीतून वगळलेली. म्हणजे माझ्या गाडीच्या उभ्या दिवसाची किंमत शून्य. भाड्याच्या कंपनीची गाडी पाच दिवस उभी राहिली, तर तिच्या प्रत्येक दिवसाला किंमत होती, दर ठरलेला होता, बिलात त्याची स्वतंत्र ओळ होती. रस्ता तोच, चालवणारा मीच. उभ्या दिवसाला किंमत असते हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त ती मला द्यायची वेळ आली की ती "परिणामी" होते.

विमा कंपनीतल्या मंडळींनी इथे हात झटकू नयेत. तुमच्याकडेही मी फोन केला होता.

पर्यायी गाडीच्या भाड्यासाठी मी हौसेने एक अ‍ॅड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतला होता. दुरुस्तीच्या काळात दिवसाला ठरावीक रक्कम, ठरावीक दिवसांपुरती, असं त्याचं स्वरूप. तो विकताना "गाडी गॅरेजमध्ये असेल तेव्हा" असे शब्द वापरले होते. क्लेम करायला गेलो तेव्हा समजलं की गॅरेजमध्ये असणं पुरेसं नाही. ती तिथे अपघात, चोरी, आग, पूर अशा विम्यात बसणाऱ्या कारणानेच गेलेली असायला हवी. यांत्रिक आणि विद्युत बिघाड मोटार पॉलिसीतून मुळातच वगळलेले, म्हणून मूळ क्लेम नाही. मूळ क्लेम नाही म्हणून भत्ताही नाही. तर्क म्हणून यात खोट नाही. विमा अनपेक्षित घटनेचा असतो आणि गिअरबॉक्स बनवण्यातली चूक ही बनवणाऱ्याची जबाबदारी, हे मला मान्य आहे. पण मग बनवणारा म्हणतो की मी फक्त भाग आणि मजुरी देईन. गाडी झाडावर आपटली असती तर मला पर्यायी गाडीचं भाडं मिळालं असतं. ती आपणहून बंद पडली म्हणून मिळालं नाही. इतका नीट गाडी चालवणारा ग्राहक तुम्हाला महागात पडला नाही, हे खरं. मला मात्र पडलं.

भाड्याचा प्रश्न एक, आणि त्या भाड्याच्या गाडीच्या विम्याचा प्रश्न दुसरा. लोक हे दोन एकच समजतात, मीही समजत होतो. भाडं कोण देणार याची काउंटरवर निदान चर्चा तरी होते. गाडीला काही झालं तर कोण देणार, याची होत नाही, आणि खरा खड्डा तिथे आहे.

पर्यायी गाडी तीन प्रकारांनी हातात येते आणि तिन्हींत विम्याचं चित्र वेगळं असतं. सर्व्हिस सेंटरची स्वतःची गाडी असेल, तर तिची पॉलिसी त्यांच्या नावावर असते. पण ती डेमोची गाडी म्हणून विमा उतरवलेली आहे, की ग्राहकाला वापरायला देता येईल अशी, हे विचारल्याशिवाय कळत नाही. खाजगी वापराच्या पॉलिसीवर गाडी भाड्याने दिली गेली तर वापराच्या अटीचा भंग झाला म्हणून क्लेम अडू शकतो, आणि तो अडतो तेव्हा स्टिअरिंगवर ग्राहक असतो. भाड्याच्या कंपनीची गाडी असेल, तर सगळं तुम्ही सही केलेल्या करारावर. तिसरा प्रकार म्हणजे ओळखीच्याची गाडी मागून आणणं. त्यात नुकसान झालं तर विम्याच्या आधी ओळख संपते.

भाड्याच्या करारात "कोलिजन डॅमेज वेव्हर" नावाची एक गोष्ट असते. काउंटरवरची मुलं तिला सर्रास विमा म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो विमा नसतो. ठरावीक रकमेपलीकडचं नुकसान आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, एवढंच ते वचन असतं, आणि ते अटींवर उभं असतं. त्या ठरावीक रकमेपर्यंतचं, म्हणजे वजावटीपर्यंतचं, नुकसान तुमचंच. टायर, काचा, गाडीचा तळ आणि टप यांना ते बहुतेकदा लागू नसतं. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, तर ते गळून पडतं. माझ्या स्वतःच्या पॉलिसीखाली माझी बायको, परवाना असलेला भाऊ, कोणीही माझ्या संमतीने गाडी चालवू शकत होतं. भाड्याच्या गाडीच्या करारावर एकच नाव, माझं. आमच्या घरात गाडी निम्मा वेळ बायको चालवते. त्या २६ दिवसांत तिने एकदाही चालवली नाही, कारण मी घाबरून किल्ली खिशात घालून फिरत होतो. "एवढं कसलं कौतुक त्या गाडीचं!" हे मी जितक्या वेळा ऐकलं, त्याची नोंद मात्र ठेवलेली नाही.

आणखी एक बारीक गाठ आहे, जी मला उशिरा कळली. काही क्रेडिट कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असतं. पण भाड्याची पूर्ण रक्कम त्याच कार्डावरून भरलेली असावी लागते. पहिला आठवडा सर्व्हिस सेंटरने भरला, म्हणजे ती अट त्याच क्षणी मोडली. त्यांची सदिच्छा माझ्या उरल्यासुरल्या संरक्षणावर पाणी सोडून गेली. आवळा देऊन कोहळा काढतात तसं. फरक इतकाच की इथे कोहळा कोणाच्याच हाती लागला नाही.

आता माझ्या विमा कंपनीचं उत्तर: "पॉलिसी तुमच्या गाडीची आहे, तुमची नाही." भारतासारख्या ज्या देशांत पॉलिसी गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी बांधलेली असते, तिथे हे उत्तर अक्षरशः बरोबर आहे. ब्रिटनमध्ये काही पॉलिसींत दुसऱ्याची गाडी चालवण्याची मुभा असते, पण ती बहुधा थर्ड पार्टीपुरती, म्हणजे इतरांच्या नुकसानीपुरती, आणि भाड्याच्या गाड्या त्यातून सहसा वगळलेल्या. अमेरिकेतल्या वैयक्तिक मोटार पॉलिसीच्या प्रचलित नमुन्यात मात्र एक संज्ञा आहे, जिचं भाषांतर मी "तात्पुरती बदली गाडी" असं करीन. आपली गाडी बिघाड, दुरुस्ती, सर्व्हिसिंग, नुकसान किंवा नाश यांमुळे वापरात नसेल, तर तिच्या जागी वापरलेल्या दुसऱ्या गाडीला आपल्या पॉलिसीचं संरक्षण लागू होतं. शब्द पुन्हा वाचावेत: बिघाड, दुरुस्ती, सर्व्हिसिंग. अपघाताची अट नाही. भाडं मिळेलच असं नव्हे, ते वेगळं. पण निदान गाडीला काही झालं तर माणूस उघड्यावर पडत नाही. म्हणजे हे कलम लिहिता येतं, छापता येतं, आणि ते लिहून विमा कंपन्या बुडालेल्या नाहीत.

बुडण्याचं कारणही नाही. त्या २६ दिवसांत माझ्या स्वतःच्या गाडीला अपघात होण्याची शक्यता किती होती? ती जमिनीवर नव्हती. तिच्यासाठी मी भरलेला हप्ता मात्र पूर्ण २६ दिवसांचा होता. मी एका वेळी एकच गाडी चालवतो. रोजचा रस्ता तोच, पार्किंग तेच, सवयी त्याच. ज्या जोखमीचे पैसे तुम्ही घेतले होते, ती लिफ्टवर चढलेल्या गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत जाऊन बसली, एवढंच झालं. संरक्षण तिच्यामागे गेलं नाही. बदली गाडी माझ्या गाडीहून महाग असेल ही तुमची शंका रास्त आहे. तर माझ्या गाडीच्या विमा-मूल्यापर्यंतच मर्यादा घाला. बदली गाडी किती दिवस, कोणत्या क्रमांकाची, कोणत्या जॉब कार्डावर, हे कळवायची सक्ती करा. मी आनंदाने कळवेन. जॉब कार्डावर तारीख, किलोमीटर, चेसिस नंबर सगळं असतं; क्लेमसाठी इतका स्वच्छ कागद तुम्हाला अपघातातही मिळत नाही.

वॉरंटी विभागाकडे परत येतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका परिचिताच्या गाडीच्या वायरिंगचा गुंता झाला. सर्व्हिस सेंटर म्हणे उंदराने कुरतडलं, बाह्य कारण, वॉरंटीत नाही. विम्याचा सर्व्हेअर म्हणे कुरतडल्याच्या खुणा नाहीत, इन्सुलेशन तापून वितळलंय, हा विद्युत बिघाड, पॉलिसीत नाही. अकरा दिवस उंदीर दोषी की निर्दोष याचा खटला चालला. अखेर वॉरंटीत काम झालं. पण त्या अकरा दिवसांत बदली गाडी मंजूर करायला कोणीही तयार नव्हतं, कारण ज्याने मंजूर केली त्याने दोष पत्करल्यासारखं झालं असतं. पाण्यातून गेलेल्या इंजिनाचंही असंच होतं: आत पाणी गेलं म्हणून वॉरंटी नाही, आणि पाण्यात इंजिन पुन्हा सुरू केल्याने झालेलं नुकसान म्हणून साध्या पॉलिसीतही अडतं. निदानाचे दिवस हे दुरुस्तीच्या दिवसांहून वाईट असतात. दुरुस्तीला किमान कोणी मालक तरी असतो.

कायद्याने याची दखल घेतलीच नाही असं नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या वस्तूविक्री निर्देशाप्रमाणे सदोष वस्तूची दुरुस्ती विनामूल्य, वाजवी मुदतीत आणि ग्राहकाची लक्षणीय गैरसोय न होता झाली पाहिजे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात जवळजवळ हेच शब्द आहेत. "लक्षणीय गैरसोय" हे शब्द मला फार आवडले, कारण ते गैरसोयीला मोजण्याजोगी वस्तू मानतात. पण एक मेख आहे. ही जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, उत्पादकाच्या ऐच्छिक वॉरंटीवर नव्हे, आणि बहुतेक ग्राहक दाद मागतात ती वॉरंटी पुस्तिका हातात धरून. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याने लेखी वॉरंटी सोप्या, समजेल अशा भाषेत लिहायला लावली. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये सदोष गाड्यांसाठी देशातला पहिला "लेमन लॉ" केला, आणि पुढे इतर राज्यांत आलेल्या अशा अनेक कायद्यांत दुरुस्तीसाठी एकूण ३० दिवस गाडी वापराबाहेर राहिली तर ती सदोष धरण्याचा निकष आला. माझे २६ दिवस. चार दिवसांनी हुकलं म्हणून हळहळावं की गाडी मिळाली म्हणून आनंद मानावा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

याहून पुढे गेलेली उदाहरणं अपघाताच्या दाव्यांत सापडतात. जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९६३ मध्ये असं धरलं की चूक समोरच्याची असेल आणि गाडी वापरता आली नाही, तर मालकाने भाड्याची गाडी घेतली नसली तरी त्या दिवसांची भरपाई मिळू शकते. मालकाला ती वापरायची इच्छा होती आणि वापरणं शक्य होतं, एवढं दिसलं पाहिजे. तिथे गाडीच्या वर्गानुसार दिवसाचा दर दाखवणारी कोष्टकंच वापरली जातात. ब्रिटनमध्ये २००३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर, एका बेरोजगार माणसाचं प्रकरण होतं. त्याची गाडी उभी असताना दुसऱ्याने ठोकली. रोख भाडं भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने उधारीवर, महाग दराने बदली गाडी घेतली. न्यायालयाने तो जादा खर्चही समोरच्याकडून मिळेल असं ठरवलं. त्याला दुसरा पर्याय नव्हता हे मान्य केलं. तेव्हा कृपा करून मला असं सांगू नका की उभ्या दिवसाची किंमत मोजता येत नाही. ठोकणारा अनोळखी असेल तर ती मोजली जाते. गाडी बनवणारा ओळखीचा असला की मोजपट्टी हरवते.

उत्पादकांना हे जमत नाही असंही नाही. टकाटा कंपनीच्या, फुगताना फुटू शकणाऱ्या सदोष एअरबॅगचं प्रकरण आठवा. बदलायचे भाग जगभर अपुरे पडले, तेव्हा काही उत्पादकांनी भाग येईपर्यंत ग्राहकांना बदली गाडी किंवा भाड्याची गाडी दिली. तिथे जिवाचा प्रश्न होता, नियामकांचं लक्ष होतं. मनात आणलं तर करता येतं, इतकंच त्यातून मी घेतो.

मला काय हवं, ते आता सरळ लिहितो.

वॉरंटीचं वचन "भाग आणि मजुरी" एवढ्यावर संपू नये. दोष तुमचा ठरला आणि गाडी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थांबणार असेल, तर बदली गाडी ही सदिच्छा नको, हक्क हवा. सदिच्छा सर्व्हिस मॅनेजरच्या मूडवर असते; आवाज चढवणाऱ्याला मिळते, निमूटपणे बसणाऱ्याला मिळत नाही. मला मिळाली ती मी भांडलो म्हणून. शेजारच्या खुर्चीतल्या बाई भांडल्या नाहीत, त्या रिक्षा शोधायला बाहेर गेल्या. तुमचा आक्षेप मला माहीत आहे: मग गाडीची किंमत वाढेल. वाढू दे थोडी. आज तो खर्च ज्याची गाडी बिघडते त्या एकट्याच्या डोक्यावर पडतो. वाटला गेला तर प्रत्येकाला किरकोळ पडेल. शिवाय उभ्या दिवसाचा खर्च तुमच्याच खात्यावर आला, की कंट्रोल युनिट २६ दिवस कुठे अडकलं होतं याची चौकशी तुम्ही स्वतःच कराल. आज ती करायचं तुम्हाला काही कारण नाही.

बदली गाडी देताना तिचा विमाही तुमच्याच जबाबदारीवर असावा, आणि वजावट माझ्या स्वतःच्या पॉलिसीतल्या वजावटीहून जास्त नसावी. तुमच्या दोषामुळे मी माझ्या संरक्षणातून बाहेर पडलो आहे; किमान तेवढंच संरक्षण परत द्या. माझ्या पॉलिसीखाली जे चालवू शकत होते, ते सगळे त्या गाडीवरही चालवू शकले पाहिजेत. आणि "उभ्या दिवसांचं भाडं" ही ओळ ग्राहकाच्या बिलात कधीही येता कामा नये. ती भाड्याच्या कंपनीने तुमच्याकडून वसूल करावी. कदाचित तेव्हा तिचा दर तुम्हालाही चढा वाटेल.

विमा कंपन्यांनी दोनपैकी एक करावं. एकतर बदली गाडीला, वॉरंटी दुरुस्तीच्या काळातही, मूळ पॉलिसीचं छत्र द्यावं. नाहीतर दैनिक भत्त्याच्या अ‍ॅड-ऑनमध्ये उत्पादनदोषामुळे झालेली दुरुस्ती घ्यावी, आणि दिलेले पैसे माझ्या जागी उभं राहून उत्पादकाकडून वसूल करावेत. अपघातात दुसऱ्याची चूक असेल तर हे तुम्ही करताच. तुमच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे चार पानी कागद आहे. यासाठी जादा हप्ता लावायचा असेल तर लावा, पण विकताना "गाडी गॅरेजमध्ये असेल तेव्हा" असं म्हणू नका. "गाडी ठोकली असेल तेव्हा" म्हणा.

नियामकांकडे माझं मागणं लहान आहे. निदानाच्या दिवसांचा मालक ठरवा. वॉरंटी की विमा हा वाद चालू असताना पहिल्यांदा गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने बदली गाडी द्यावी, हिशेब मागाहून आपापसांत करावा. वॉरंटीचं घड्याळही दुरुस्तीच्या काळात थांबवा. कॅलिफोर्नियात गाडी वॉरंटी दुरुस्तीला दिली की ती परत मिळेपर्यंत वॉरंटीची मुदत कायद्यानेच थांबते. माझ्या वॉरंटीतले २६ दिवस लिफ्टवर संपले. आणि बदली गाडीसोबत एकच पान सक्तीचं करा, मोठ्या अक्षरात: विमा कोणाचा, वजावट किती, कोण चालवू शकतं, काय वगळलं आहे, ठोकली तर पहिला फोन कोणाला. चार पानी करार त्याच्या मागे खुशाल जोडा.

काउंटरवरच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, हेही लिहून ठेवतो. त्याने मला जे सांगितलं ते त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढंच. मी बिलाबद्दल विचारलं तेव्हा तो खरोखर ओशाळला आणि म्हणाला, "सर, माझी गाडी दिली असती तुम्हाला, पण तिचा तर थर्ड पार्टीच आहे."

बंपरचे पैसे मी भरले. तिसऱ्या ओळीचे भरलेले नाहीत. त्यावर पत्रव्यवहार चालू आहे आणि डिपॉझिट अडकलेलं आहे. त्या पाच दिवसांत ती गाडी खरंच भाड्याने गेली असती का, त्या कंपनीच्या बाकी सगळ्या गाड्या तेव्हा बाहेर होत्या का, हे मी त्यांना लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी गाडी पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावली आहे. "एका दिवसाचं काम" असं सांगितलंय. मी बरोबर एक कोरा कागद नेणार आहे. वर म्हटलेले पाच प्रश्न त्यावर असतील, आणि खाली सहीची जागा. या वेळी फुली मी मारून ठेवली आहे.

आपला,
वॉरंटीतल्या एका गाडीचा मालक